कशाच्या तुलनेत? विरघळणाऱ्या जाळीचे पेपर वाचताना

आरआरसीच्या आधी आमच्या विभागात सरावासाठी एक सादरीकरण करावं लागतं. माझ्या सिनॉप्सिसची पहिलीच स्लाइड अशी होती: ‘शरीरात शोषल्या जाणाऱ्या कृत्रिम जाळ्यांमुळे हर्निया पुन्हा होण्याचं प्रमाण कमी होतं.’ खाली चार पेपरचे संदर्भ, बाजूला जाळीचा छान रंगीत फोटो. गाइड मॅडमनी चष्मा काढला आणि दोनच शब्द विचारले, “कशाच्या तुलनेत?”

मला उत्तर देता आलं नाही. पेपर वाचले नव्हते असं नाही. चारही वाचले होते, पण ‘काय निघालं’ हे बघत वाचले होते. ‘हे निघावं म्हणून त्यांनी काय केलं’ हे बघितलंच नव्हतं. पुढचे दोन महिने मी तेच पेपर पुन्हा काढून बसले. आजची पोस्ट त्याबद्दल आहे. तुमच्यापैकी जे पेटची तयारी करताय किंवा विषय शोधताय, त्यांनी हर्नियात रस नसला तरी वाचा. विषय बदलेल, प्रश्न हाच राहील.

आधी थोडं मूळ प्रकरण

पोटाच्या भिंतीत कुठेतरी कमकुवत जागा तयार होते आणि आतलं आतडं किंवा चरबी तिथून बाहेर डोकावते, तो हर्निया. जांघेत झाला तर आपल्याकडे त्याला अंतर्गळ म्हणतात. पोटाच्या जुन्या ऑपरेशनच्या व्रणातून झाला तर तो छेदाचा हर्निया. भोक नुसतं टाके घालून बंद केलं तर ताण टाक्यांवर येतो. खोकताना आणि उडी मारताना पोटातला दाब किती वाढतो हे निरोगी माणसांवर मोजलं गेलं आहे, आणि तो पार २५२ मिलिमीटर पाऱ्यापर्यंत गेलेला दिसला. म्हणून सर्जन तिथं जाळी बसवतात. बहुतेक वेळा ती पॉलिप्रॉपिलीनची असते आणि कायमची आत राहते.

जाळीचा फायदा किती? २००० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये नेदरलँड्समधला एक अभ्यास आला. छेदाच्या हर्नियाचे रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले होते. पहिल्यांदाच दुरुस्ती होत असलेल्या रुग्णांमध्ये तीन वर्षांत हर्निया परत होण्याचं प्रमाण नुसत्या टाक्यांत ४३ टक्के होतं, जाळीत २४ टक्के. त्याच रुग्णांचा दहा वर्षांचा हिशेब २००४ साली आला, तेव्हा एकूण आकडे ६३ आणि ३२ झाले होते. म्हणजे जाळी स्पष्टपणे बरी, पण तीही अमरपट्टा घेऊन आलेली नाही.

आता दुसरी बाजू. डेन्मार्कमध्ये हर्नियाच्या ऑपरेशनांची राष्ट्रीय नोंदवही आहे. तिथल्या ३,२४२ रुग्णांवरचा अभ्यास २०१६ साली ‘जामा’त आला. पाच वर्षांत परत झालेल्या हर्नियासाठी पुन्हा ऑपरेशन करावं लागलेले रुग्ण उघड्या शस्त्रक्रियेनं जाळी बसवलेल्यांत १२.३ टक्के आणि बिनजाळीत १७.१ टक्के होते. पण त्याच पाच वर्षांत जाळीमुळेच उद्भवलेल्या गंभीर तक्रारी उघड्या शस्त्रक्रियेत ५.६ टक्के होत्या. आतडं चिकटणं, जाळीला जंतुसंसर्ग होणं, जाळी काढावी लागणं, असल्या गोष्टी. म्हणजे एका हातानं मिळालेलं थोडं दुसऱ्या हातानं गेलं.

इथूनच विरघळणाऱ्या जाळीची कल्पना मोहक वाटायला लागते. जखम भरेपर्यंत जाळीनं भार सोसावा, तोवर शरीर तिच्यात स्वतःचं कोलॅजन विणेल, मग जाळीनं निघून जावं. घर बांधताना स्लॅबखाली सेंट्रिंग लावतात, तसंच. काँक्रीट घट्ट झालं की सेंट्रिंग काढायचं. कल्पनेत काहीच खोट नाही. प्रश्न इतकाच की स्लॅब तयार झालाय का, हे तपासलं कसं?

‘विरघळणारी’ हा एक शब्द, चार वेगळ्या वस्तू

पहिली चूक मी इथंच केली होती. ‘विरघळणारी जाळी’ असा एकच गट धरून चार पेपरचे निष्कर्ष एकत्र केले होते. मुळात या जाळ्या मीठ पाण्यात विरघळतं तशा विरघळत नाहीत. त्यांच्या लांब साखळ्यांमधले बंध पाण्यानं हळूहळू तुटतात, तुकडे लहान होत जातात आणि शेवटी शरीर ते पचवतं. हे किती वेगानं होतं ते साखळी कशाची आहे यावर ठरतं.

व्हिक्रिलची जाळी पॉलिग्लॅक्टिनची. तिची ताकद तीन-चार आठवड्यांत जवळजवळ संपते. पोट तात्पुरतं झाकायला ती उपयोगी, पण हर्नियाची कायमची दुरुस्ती तिच्या भरवशावर होत नाही. गोअर बायो-ए ही पॉलिग्लायकोलिक आम्ल आणि ट्रायमिथिलीन कार्बोनेट यांची, सुमारे सहा महिन्यांत शोषली जाणारी. फेसिक्स ही पॉली-४-हायड्रॉक्सिब्युटिरेटची. हे पॉलिमर जनुकीय बदल केलेल्या जिवाणूंकडून किण्वनानं तयार करून घेतात आणि ते जायला साधारण १२ ते १८ महिने लागतात. स्वीडनची टायगर मॅट्रिक्स दोन प्रकारच्या धाग्यांची आहे. एक धागा चारेक महिन्यांत जातो, दुसरा जवळपास तीन वर्षांनी.

तीन आठवड्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या वस्तूंना एकच नाव! आणि आणखी एक बारीक मुद्दा, जो व्हायवात हमखास विचारला जातो: ताकद संपणं आणि वस्तुमान संपणं या दोन वेगळ्या घटना आहेत. साखळ्या तुटायला लागल्या की ताकद आधी जाते, धागा दिसत राहतो. जाहिरातीच्या पत्रकात ‘१८ महिन्यांत शोषली जाते’ असं लिहिलं असेल, तर भार १८ महिने पेलला जातो असा अर्थ काढायचा नाही.

पहिला आक्षेप: शेजारी कोणीच नाही

बायो-एवरचा सर्वांत जास्त उद्धृत होणारा अभ्यास म्हणजे ‘कोब्रा’, २०१७ साली ‘ॲनल्स ऑफ सर्जरी’त आलेला. १०४ रुग्ण, सगळ्यांच्या जखमा कमी-जास्त दूषित, म्हणजे जंतुसंसर्गाचा धोका मोठा. दोन वर्षांत हर्निया परत होण्याचं प्रमाण १७ टक्के, शस्त्रक्रियेच्या जागी संसर्ग १८ टक्के. अभ्यास प्रामाणिक आहे. रुग्ण आधी ठरवून घेतले, अनेक रुग्णालयांत केला, जीवनमानाची प्रश्नावलीही भरून घेतली. इतक्या अवघड रुग्णांना दोन वर्षं धरून ठेवणं ही खायची गोष्ट नाही.

पण गट एकच. सगळ्यांना तीच जाळी. मग १७ टक्के चांगले की वाईट? याच रुग्णांना कायमची जाळी बसवली असती तर काय झालं असतं, हे हा अभ्यास सांगू शकत नाही. त्यानं ते विचारलेलंच नाही. मी मात्र सिनॉप्सिसमध्ये काय केलं होतं? कोब्राचे १७ टक्के घेतले, २००० सालच्या डच अभ्यासातले जाळीचे २४ टक्के घेतले, शेजारी ठेवले आणि ‘कमी होतं’ असं लिहून मोकळी झाले. एकात दोन वर्षं, दुसऱ्यात तीन. एकात दूषित जखमा, दुसऱ्यात तशा नाहीत. रुग्ण वेगळे, देश वेगळा, काळ वेगळा, शस्त्रक्रियेची पद्धत वेगळी. पुण्याचा पाऊस आणि कोल्हापूरचा पाऊस वेगवेगळ्या वर्षी मोजून ‘छत्र्या कुठल्या चांगल्या’ हे ठरवण्यासारखं झालं हे.

तुम्ही रिव्ह्यू लिहाल तेव्हा एक करा. प्रत्येक पेपरपुढे एक रकाना ठेवा: ‘तुलनेचा गट कोणता?’ रकाना रिकामा राहिला, तर त्या पेपरवरून ‘कमी’, ‘जास्त’, ‘बरं’, ‘सरस’ यातला एकही शब्द लिहायचा अधिकार आपल्याला नाही.

दुसरा आक्षेप: घड्याळ कधी थांबवलं?

फेसिक्सचा अभ्यास बघा. १२१ रुग्ण, जखमा स्वच्छ, पण लठ्ठपणा, मधुमेह, धूम्रपान यांसारख्या कारणांनी धोका असलेले. २०१८ साली १८ महिन्यांचा निकाल छापून आला. हर्निया परत होण्याचं प्रमाण ९ टक्के. हा आकडा फार फिरला. माझ्याही स्लाइडवर होता.

आता सेंट्रिंगची गोष्ट आठवा. जाळी जायला १२ ते १८ महिने लागतात आणि मोजणी १८ व्या महिन्याला. म्हणजे सेंट्रिंग काढलं आणि त्याच संध्याकाळी स्लॅबचा फोटो काढला. पुढे त्याच गटाचा तीन वर्षांचा निकाल आला, सुमारे १८ टक्के. पाच वर्षांचा आला, सुमारे २२ टक्के. या संशोधकांचं कौतुक यासाठी की त्यांनी पाच वर्षं पाठपुरावा केला आणि वाढलेले आकडेही छापले. दोष वाचणाऱ्यांचा आहे, जे अजून ९ टक्क्यांवरच अडकलेत.

पण इथं घाई करू नका. ‘बघा, जाळी गेली आणि हर्निया परत आले’ असं म्हणायचा मोह होतो. मलाही झाला, आणि तीही चूकच. डच अभ्यासात कायमच्या जाळीचे आकडेही वर्षागणिक वाढलेच होते. वेळेबरोबर वाढ सगळ्याच दुरुस्त्यांमध्ये होते. त्यातली किती वाढ जाळी निघून गेल्यामुळे, हे कळायला पुन्हा तोच शेजारचा गट हवा. म्हणजे दुसऱ्या आक्षेपाचं उत्तरही पहिल्याच प्रश्नाशी येऊन थांबतं.

आणखी एक. वर्षं जातात तसे रुग्ण गळतात. कोणी गाव बदलतं, कोणी यायचं टाळतं. कापलान-मायर पद्धतीनं गळलेल्या रुग्णांसकट प्रमाण काढता येतं, पण त्यात एक गृहीतक असतं: गेलेल्यांचा धोका राहिलेल्यांइतकाच होता. ज्याचा हर्निया परत आला तो चिडून दुसऱ्याच डॉक्टरकडे गेला असेल तर? म्हणून आलेखाखाली बारीक अक्षरात ‘अजून किती रुग्ण पाठपुराव्यात आहेत’ हे लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. रेघ नंतर.

तिसरा आक्षेप: सगळ्यांचा हर्निया सारखा नसतो

हा मुद्दा मला पेपरपेक्षा मामामुळे कळला.

माझा मामा माथाडी कामगार. तीस वर्षं बाजारात पोती उचलली. मागच्या वर्षी जांघेत गाठ दिसायला लागली, डॉक्टर म्हणाले अंतर्गळ आहे, ऑपरेशन करून जाळी टाकू. घरात मी एकटी ‘जाळीत पीएच.डी. करणारी’. मामाचा फोन आला, “अगं, आयुष्यभर आत प्लास्टिक राहणार म्हणतात. तुझी ती विरघळणारी जाळी मागून घेऊ का? पैशाचं बघू काहीतरी.”

ही भीती खोटी नाही. जांघेच्या ऑपरेशननंतर साधारण १० ते १२ टक्के लोकांना त्रासदायक दुखणं दीर्घकाळ राहतं असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाच सांगतात. त्यामुळे ‘जाळीच राहिली नाही तर दुखणंही राहणार नाही’ हा विचार संशोधकांनाही सुचलाच होता. सिनॉप्सिसच्या आधीची मी असते तर ‘हो, घे’ म्हणाले असते. पण तेव्हा टेबलावर स्वीडनमधला २०१४ सालचा एक छोटा पेपर होता. ४० पुरुष, जांघेचा हर्निया, टायगर जाळी, तीन वर्षं पाठपुरावा. ज्यांचा हर्निया नैसर्गिक मार्गातून, बाजूनं आलेला होता, त्यांच्यात एकालाही तो परत झाला नाही. ज्यांचा मध्यभागाकडून, थेट भिंत फाटून आलेला होता, त्यांच्यात ४४ टक्क्यांना परत झाला.

कारण लावून बघितलं तर पटतं. पहिल्या प्रकारात भिंत बऱ्यापैकी शाबूत असते, वाट तेवढी रुंदावलेली असते. दुसऱ्यात भिंतच पातळ झालेली. हर्नियाच्या अनेक रुग्णांत मजबूत कोलॅजनचं प्रमाण कमी आढळतं. मग सेंट्रिंग असेपर्यंत ठीक, पण स्लॅबचं सिमेंटच हलकं असेल तर काढल्यावर काय होणार? जाळी कितीही हुशार असली तरी तिच्या जागी येणारं ऊतक त्याच माणसाचं असतं.

मी मामाला विचारलं, डॉक्टर कुठला प्रकार म्हणाले? मामीनं कागद बघून सांगितलं, “डायरेक्ट असं लिहिलंय.” म्हणजे मध्यभागाचा. मी म्हटलं, “मामा, मी डॉक्टर नाही. पण हा प्रश्न त्यांना विचार, आणि माझ्या सांगण्यावरून वेगळी जाळी मागू नको.” साधी पॉलिप्रॉपिलीनची जाळी बसली. तो बरा आहे, हलक्या कामावर जातो. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही हे मला माहीत आहे. पण ‘निष्कर्ष’ नावाच्या परिच्छेदाच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी पोती उचलणारा असतो, हे त्या दिवशी डोक्यात बसलं.

आणि लक्षात घ्या, चाळीस रुग्णांचा हा लहानसा पेपर, यालाही तुलनेचा गट नाही. तरी मला तो चारांत सर्वांत उपयोगी वाटतो, कारण त्यानं सरासरीत वाईट निकाल बुडवला नाही. कुठं चालतं आणि कुठं चालत नाही, ते वेगळं करून दाखवलं.

गृहीतक तपासणारा अभ्यास कसा असतो

विरघळणाऱ्या जाळीच्या बाजूनं मुख्य युक्तिवाद असा की दूषित जखमेत कायमची जाळी घालायचीच नाही, संसर्ग झाला तर ती काढावी लागते. वर्षानुवर्षं हे पाठ्यपुस्तकी ज्ञान होतं. कोब्राचे प्रमुख लेखक मायकेल रोझेन यांनीच सहकाऱ्यांसोबत ते तपासायला घेतलं. २०२२ सालच्या ‘जामा सर्जरी’तल्या त्यांच्या अभ्यासात दूषित जखमेचे २५३ रुग्ण चिठ्ठ्या टाकून वाटले: एका गटाला साधी पॉलिप्रॉपिलीन, दुसऱ्याला डुकराच्या त्वचेपासून केलेली जैविक जाळी. दोन वर्षांत हर्निया परत: साध्या जाळीत ५.६ टक्के, जैविकमध्ये २०.५ टक्के. जखमेच्या गंभीर तक्रारींत ठळक फरक नाही. जाळीची मध्यक किंमत १०५ डॉलर विरुद्ध २१,५३९ डॉलर.

सावधान! ही जैविक जाळी होती, आपली कृत्रिम विरघळणारी नव्हे. त्यामुळे ‘बायो-एही हरली’ असं म्हणता येत नाही, आणि कोब्राचे १७ या ५.६ च्या शेजारी ठेवताही येत नाहीत. पण एक गोष्ट म्हणता येते: ‘कायमची जाळी इथं चालत नाही’ हा पाया आता गृहीत धरून चालणार नाही. त्यामुळे यापुढच्या तुलनेचा गट कोणता असावा हेही ठरून जातं, तो म्हणजे साधी स्वस्त जाळी.

स्वस्तावरून आठवलं. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून हर्नियासाठी वापरलं आणि २००३ साली सहकाऱ्यांसोबत ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’त त्यावर लिहिलं. पुढे युगांडात ३०२ पुरुषांवर मच्छरदाणीची जाळी विरुद्ध कंपनीची जाळी अशी रीतसर चाचणी झाली, २०१६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आली. वर्षभरात मच्छरदाणी गटात एकाला हर्निया परत झाला, दुसऱ्या गटात कोणालाच नाही. पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांची बिनजाळीची पद्धतही अशीच पोलंडमध्ये तपासली गेली. २०८ रुग्ण, तीन वर्षं, देसरडा आणि जाळीची प्रचलित लिश्टेनस्टाइन पद्धत, दोन्हीकडे दोन-दोन रुग्णांना परत. जांघेत ‘आत काहीच उरायला नको’ हाच हेतू असेल, तर विरघळणाऱ्या जाळीनं देसरडा पद्धतीशीही सामना करायला हवा, नाही का?

गंमत बघा. मच्छरदाणीसारख्या फुटकळ वाटणाऱ्या वस्तूला चिठ्ठ्या टाकून, समोर प्रतिस्पर्धी उभा करून कसोटीला लावलं. महागड्या जाळीचे सगळ्यात जास्त मिरवलेले आकडे मात्र एकट्यानं धावलेल्या शर्यतीतले. आणि दोन्ही कल्पना आपल्या मातीतल्या असून त्यांची मोठी परीक्षा परदेशात झाली, हे मनाला लागतं. तुमच्यातल्या कोणाला विषय हवा असेल तर तो इथं पडलाय.

रोगनोंदींचं महत्त्वही कमी नाही. २०१६ साली एथिकॉननं फिजिओमेश ही जाळी बाजारातून परत घेतली. साध्या पॉलिप्रॉपिलीनवर विरघळणारा पातळ थर दिलेली ही जाळी. दोन मोठ्या नोंदवह्यांमध्ये इतर जाळ्यांपेक्षा तिच्यात पुन्हा हर्निया आणि पुन्हा ऑपरेशन जास्त दिसलं, म्हणून. एकेका रुग्णालयाला हे कधीच दिसलं नसतं.

माझी स्लाइड आता

माझा विषय अजूनही विरघळणारी जाळीच आहे. मला ती कल्पना अजून आवडते. पण पहिली स्लाइड बदलली. आता तिथं असं आहे: ‘शोषल्या जाणाऱ्या कृत्रिम जाळ्यांची ताकद आणि नव्या ऊतकाची ताकद यांचा वेळेनुसार मेळ बसतो का, आणि ऊतक मुळात कमकुवत असेल तर काय होतं?’ वाक्य लांब झालं, दिमाखही गेला. मॅडमनी पुन्हा चष्मा काढला. मी आधीच सांगितलं, “तुलना पॉलिप्रॉपिलीनशी, मॅडम. आणि मोजणी जाळी पूर्ण गेल्यानंतरही.”

त्या म्हणाल्या, “बरं. पुढची स्लाइड.”